मागच्या बाथरूममधलं बाळंतपण

सेक्रेटरींनी झुरळांविरुद्ध युद्ध पुकारलं, त्याला कारणही तसंच होतं. एक झुरळ रोज सकाळी त्यांच्या दात घासायच्या ब्रशवर मिशा पुसत बसायचं. बरं, सेक्रेटरी आत आले की पळावं ना? छे. ते आपलं सावकाश उठायचं, एकदा मागे वळून बघायचं आणि मगच आरशामागे जायचं. जणू सकाळच्या पाळीचा नंबर त्याचा होता आणि सेक्रेटरीच मध्ये घुसले होते. खोटं सांगत नाही. थोडं वाढवून सांगत असेन, पण खोटं नाही.

सेक्रेटरी म्हणजे पाच मजली बिल्डिंगचे सेक्रेटरी. नोकरी विमा कंपनीत, दावे तपासायची. कुणाचं दुकान खरंच जळलं, कुणी स्वतः काडी लावली, कुणाचा पाय मोडला आणि कुणाचं नुसतं प्लॅस्टर, हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याचं खोटं त्यांना दिसायचं. स्वतःचं मात्र कधी तपासायची वेळ आली नव्हती.

तर या तपासणीच्या डोक्याने त्यांनी झुरळांचाही तपास लावला. एका घरात फवारणी झाली की झुरळं शेजारच्या घरात जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी फवारलं की चौथ्या मजल्यावर पाहुणे हजर. म्हणून सगळ्या घरांनी एकाच दिवशी फवारणी करायची, एकही दार बंद राहता कामा नये, अशी मोहीम त्यांनी काढली. ती पार पडायला इतके महिने गेले की मधल्या काळात झुरळांची नातवंडं हाताशी आली.

शेवटपर्यंत अडून बसल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या पोपटवाल्या काकू. "माझ्या पोपटाला वास सोसायचा नाही," त्या मीटिंगमध्ये म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम," सेक्रेटरी म्हणाले. "आज पोपट, उद्या कुणी म्हणेल माझी झुरळंच पाळलेली आहेत. मग?"

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पोपट बहिणीकडे पाठवला. बहिणीच्या घरी दिवसभर नवरा-बायकोची भांडणं. पोपट आठवड्याच्या सुट्टीला भेटायला आला तेव्हा काकूंना पिंजऱ्यातून म्हणाला, "तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला." काकूंनी दोन दिवस जेवण सोडलं होतं म्हणे.

आता सेक्रेटरींच्या लेकीचं सांगायला हवं. लेक हुशार. डॉक्टर होणार हे सेक्रेटरींनी ती रांगत असतानाच ठरवून टाकलं होतं. ती डॉक्टर होणारही होती, पण माणसांची नाही. विद्यापीठात ती संशोधन करायची. कुणी विचारलं, कशावर, तर सेक्रेटरी म्हणायचे, "फार सूक्ष्म विषय आहे." अजून खोदलं तर, "परदेशात याला फार मागणी आहे." आणि लगेच पाण्याच्या टाकीचा विषय काढायचे.

लेक झुरळांवर संशोधन करत होती.

हे बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. लेकीला मात्र माहीत होतं की बाबा सांगत नाहीत. एकदा जिन्यात तिने स्वतःच्या कानांनी ते 'सूक्ष्म' ऐकलं होतं.  तेव्हापासून तिचं घरी यायचं कमी झालं आणि आली तरी बोलायची आईशी.

अशी ती एका सकाळी अचानक टॅक्सीतून उतरली. हातात केवढी तरी पेटी, वर काळं कापड. तान्ह्या पोराला धरावं तशी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. जिन्यातून ती इतकी हळू चढली की मागून येणाऱ्या नर्सबाईंना, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या रिटायर झालेल्या सिस्टरना, तिच्यामागे ताटकळावं लागलं.

"प्रयोगशाळेचं छत गळतंय," लेक घरात आल्यावर म्हणाली. "सगळं उचलून बाहेर ठेवलंय. दुरुस्ती होईपर्यंत हे इथे राहील. मागचं बाथरूम लागेल मला. अंधार, ओलावा, शांतता."

"यात काय आहे?" सेक्रेटरींनी विचारलं. उत्तर माहीत असलेला प्रश्न माणूस ज्या आवाजात विचारतो, त्या आवाजात.

लेकीने कापड उचललं. आत कुजकं लाकूड. लाकडाला एका बाजूने काच लावलेली, म्हणजे आतली भुयारं दिसतील. भुयारात एक जोडपं. काळंभोर, चकचकीत, बूट पॉलिश केल्यासारखं. त्यांच्याभोवती तांदळाच्या दाण्याएवढी फिकट पिल्लं.

"परवाच झालीत," ती म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला.

"अगं, चार दिवसांनी फवारणी आहे!" सेक्रेटरी म्हणाले. "माझी! म्हणजे मी आणलेली!"

"बाबा, ही तुमची ती नव्हेत. जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती आहेत. माणसाच्या घरात शिरतात त्या तीसेक. त्यांतल्याही चार-पाचच खऱ्या त्रासदायक. बाकीच्यांना तुमच्या ओट्याशी काही देणंघेणं नाही. काही हिरवीगार असतात, काही फुस्स करून ओरडतात, काही वाळूत बिळं खणतात. ही जंगलातली. लाकडात जन्मतात, लाकूड खातात. वाळवी ठाऊक आहे ना? तीसुद्धा झुरळांच्याच कुळातली."

"म्हणजे माझं कपाट खाल्लं तीही यांच्यातलीच?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ही आई सेक्रेटरीणबाई. कमी बोलायची, पण बोलली की ते भिंतीला लागून परत यायचं.

"लांबची. आणि यांची गंमत ऐक आई. जोडी जमली की हे दोघं लाकडात घर करतात आणि एकमेकांचे पंख कुरतडून खातात. मग कुणालाच उडून जाता येत नाही. राहतात तिथेच, पोरं वाढवत."

आई हात पुसत दारात आली. नवऱ्याकडे जरा वेळ बघितलं. "दोघं खातात? एकमेकांचे?"

"हो."

"मग ठीक आहे. तेवढा तरी न्याय आहे."

"पिल्लं स्वतःचं खाऊ शकत नाहीत सुरुवातीला," लेक सांगत राहिली. "आई-बाप तोंडातून भरवतात. बापसुद्धा. माझा अभ्यास तोच आहे. बाप असला काय नि नसला काय, पोरांना फरक पडतो का."

"पडतो का?" आईने विचारलं.

"तेच तर बघतेय तीन वर्षं. एवढ्या जोड्यांतली ही एकच टिकली. ही गेली तर माझं सगळं गेलं." मग ती पहिल्यांदा बापाकडे वळली. "पेटी हलवायची नाही. हादरा बसला तर भुयार ढासळतं. तुम्ही तेवढी फवारणी थांबवा. नाहीतर सांगा, मी दुसरीकडे बघते. पण दुसरीकडे कुठे ते मला ठाऊक नाही."

सेक्रेटरी खुर्चीत बसले. मीटिंगमधलं स्वतःचं वाक्य त्यांना आठवलं. उद्या कुणी म्हणेल माझी झुरळंच पाळलेली आहेत. ते वाक्य त्यांनी केवढ्या ऐटीत टाकलं होतं!

दुसऱ्या दिवशी कचेरीला जायच्या नावाखाली ते फवारणीवाल्यांच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईंनी बिल्डिंगचं नाव लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "घर वगळायचंय? कारण?"

"वैयक्तिक."

"वैयक्तिक असं कारण नसतं. आजारी माणूस, गरोदर बाई, पाळीव प्राणी, तान्हं बाळ. यातलं काय?"

सेक्रेटरींनी विचार केला. "पाळीव प्राणी."

"कुठला?"

"लहान आहे."

"मांजर?"

"त्याहून लहान."

"पोपट असेल तर नाही हां. पोपट दुसरीकडे पाठवायचा, तुमच्याच बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी तसं कळवलंय. फार कडक माणूस आहे तो." मग बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. "प्राणी असेल तर माणूस येऊन बघून जाईल. कुठला ते सांगा."

मागे रांग होती. रांगेत पाचव्या मजल्यावरचे कुणीतरी असल्यासारखं वाटलं. नव्हतं, पण वाटलं. आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचं खोटं पकडलं, त्याच्या तोंडून निघून गेलं, "प्राणी नाही. तान्हं बाळ आहे. घरात तान्हं बाळ आहे."

"मग तसं सांगा ना!" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "अभिनंदन."

सेक्रेटरी हलक्या पावलांनी घरी आले. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी फवारणीवाल्यांचा माणूस आला आणि दारावर भलामोठा पिवळा कागद चिकटवून गेला: 'या घरात नवजात बालक आहे. फवारणी करू नये.' सेक्रेटरी तेव्हा गच्चीवर टाकी बघत होते. ते खाली येईपर्यंत कागद तीन मजल्यांनी वाचला होता.

आता बिल्डिंगने काय करावं, सांगा. बिनलग्नाची मुलगी महिनोन्महिने घरी येत नाही, मग एका सकाळी काळ्या कापडाखाली काहीतरी छातीशी धरून येते, जिना हळू चढते. नर्सबाईंनी तर डोळ्यांनी पाहिलेलं. "मी तेव्हाच ओळखलं," त्या म्हणाल्या. "चाल सांगते हो. चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत मी."

पण लोक मोठे विचित्र असतात. सेक्रेटरींना वाटलं होतं की आता टोमणे येतील. टोमणे आलेच नाहीत. आली झबली. पाचव्या मजल्यावरून पाळणा आला, दातांच्या डॉक्टरांनी दुधाचे दात येताना चघळायची रबरी कडी पाठवली. जो येई तो आवाज खाली आणून बोले, सेक्रेटरींच्या खांद्यावर हात ठेवे आणि म्हणे, "काळ बदललाय. तुम्ही तिला घरात घेतलंत, मोठं मन लागतं." ज्या माणसाचं आजवर कुणी नीट स्वागत केलं नव्हतं, त्याचा एका रात्रीत देवमाणूस झाला. लेक सकाळी विद्यापीठात जायची ती दिवेलागणीला परतायची, आणि तिच्या जायच्या-यायच्या वेळेला सेक्रेटरी कागद उतरवून, पाळणा लपवून ठेवायचे; तिला यातलं काहीच कळलं नाही. आणि सेक्रेटरीणबाई? त्या झबली घडी करून ठेवत होत्या. "विणकाम चांगलं आहे," एवढंच म्हणाल्या. नवऱ्याने स्वतः घातलेली गाठ स्वतः सोडवावी, असं त्यांचं जुनं धोरण होतं.

फवारणीच्या आदल्या दुपारी सेक्रेटरी रजा टाकून घरी राहिले होते. लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन, लेकीने सांगितल्याप्रमाणे, बाथरूममध्ये डोकावले, कारण लाल उजेड झुरळांना फारसा दिसत नाही. बघतात तर काय, एक पिल्लू पांढरं फटक पडलेलं! दुधासारखं पांढरं, वर दोन काळे ठिपके डोळ्यांचे.  तेवढ्यात बेल वाजली. दारात नर्सबाई, हातात तेलाची बाटली.

"बाळाला मालिश करून देते. कुठे आहे?"

"झोपलंय. मागच्या बाथरूममध्ये."

"बाथरूममध्ये? तान्हं बाळ?"

"त्याला अंधार लागतो," सेक्रेटरी म्हणाले. डोकं चालतच नव्हतं.

"कावीळ झालीय का? अहो, कावीळ असेल तर उजेड लागतो! रंग कसा आहे?"

"बाकीच्यांचा बरा आहे. एक पांढरं पडलंय."

नर्सबाईंनी बाटली खाली ठेवली. "बाकीच्यांचा? किती आहेत?"

सेक्रेटरी बॅटरी पाठीमागे लपवू लागले.

"जुळं?"

"जरा जास्त."

"तिळं?" नर्सबाई भिंतीला टेकल्या. "आणि ती पोर रोज कामावर जाते?"

त्या धावत खाली गेल्या त्या मदत आणायला. सेक्रेटरींनी लेकीला फोन लावला. "एक पांढरं पडलंय गं! मरतंय बहुतेक! मी काही केलं नाही, नुसता बघत होतो!"

 पलीकडून लेकीचा आवाज वेगळाच आला, लहानपणी यायचा तसा. "मरत नाहीये, बाबा. कात टाकलीय त्याने. नवी कातडी आधी पांढरीच असते. काही तासांत रंग येईल. वाढतंय ते." आणि मग, "तुम्ही स्वतःहून बघायला गेलात?"

"हो. म्हणजे, रोज जातो."

"मी लवकर येते," ती म्हणाली.

ती खरंच लवकर आली, तिथेच घोटाळा झाला. जिन्यात अर्धी बिल्डिंग. नर्सबाई पुढे, मागे तीन पाळणे. लेकीने दारावरचा पिवळा कागद वाचला. सगळ्यांकडे बघितलं. कुणीतरी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती शांतपणे आत आली आणि दार लावून घेतलं.

"हे तुम्ही लिहायला लावलंत?"

"तुझ्यासाठीच केलं. थांबली की नाही फवारणी?"

"बाबा," लेक म्हणाली, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्हाला बिनलग्नाची नातवंडं चालली. तीन-तीन. पण झुरळं चालली नाहीत?"

 विम्याच्या दाव्यात असा एक क्षण यायचा की समोरच्याला कळायचं, आता सगळं उघडं पडलंय, आणि तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसायचा. सेक्रेटरी रबरी कडीकडे बघत बसले. मागच्या बाथरूमचं दार लागल्याचा आवाज आला. त्यांना वाटलं, जाऊन सांगावं की मला तुझी लाज वाटत नाही. पण ते खरं नव्हतं. तीन वर्षं लाज वाटलीच होती. तिची नव्हे, तर "कशावर?" याचं उत्तर ऐकून लोकांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटेल, त्याची. आणि तो भावही अजून कुणाच्या चेहऱ्यावर उमटलाच नव्हता. त्यांनी आधीच बघून ठेवला होता.

सकाळी फवारणीवाले आले. सगळी दारं सताड उघडी, माणसं जिन्यात. सुपरवायझर वर येऊन कागदाकडे बघत होता, तोच सेक्रेटरी बाहेर आले आणि त्यांनी तो कागद टरकन ओढून काढला.

"इथे बाळ नाही," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. माझी मुलगी झुरळांवर संशोधन करते. आत झुरळं आहेत. पाळलेली."

जिन्यात अशी शांतता झाली की वरच्या गच्चीवरची टाकी भरल्याचं ऐकू आलं.

मग सेक्रेटरींना थांबताच येईना. तीन वर्षांचं तुंबलेलं. झुरळं अंगाच्या बाजूला असलेल्या भोकांतून श्वास घेतात, डोकं गेलं तरी काही दिवस जगतात, वाळवी त्यांची नातलग, ही जोडी एकमेकांचे पंख खाते, बाप पोरांना तोंडाने भरवतो, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. दातांचे डॉक्टर मध्येच म्हणाले, "डोक्याशिवाय खातात कसं?" सेक्रेटरी म्हणाले, "खातच नाहीत, म्हणून तर शेवटी मरतात." कुठून आलं हे त्यांना? रोज बाथरूमच्या दाराशी उभं राहून लेकीचं आईशी चाललेलं बोलणं ऐकत होते, तिथून.

"तिळं नाही म्हणजे?" नर्सबाई हिरमुसल्या.

"चौदा आहेत," लेक दारातून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक.

"बाळ नसेल तर फवारावं लागेल," सुपरवायझर म्हणाला. "नाहीतर या घराची हमी नाही. आणि हे एकच घर सोडलं तर अख्ख्या बिल्डिंगची झुरळं कुठे येतील, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. ते तर सेक्रेटरींचं स्वतःचं संशोधन.

सगळ्यांनी वळून पोपटवाल्या काकूंकडे बघितलं. बोलायचा हक्क त्यांचाच होता. काकू जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"माझा पोपट पाठवायला लावलात तेव्हा मला वाटलं, या माणसाच्या घरात जिवापाड जपावं असं काहीच नसेल," त्या म्हणाल्या. "म्हणून असा बोलतो."

सेक्रेटरींनी मान खाली घातली. "चुकलं माझं, काकू."

"चुकलंच. पोपट परत आला की तुम्ही रोज येऊन त्याच्याशी गोड बोलायचं. त्याला जुने शब्द विसरायला लावायचे." मग त्या सुपरवायझरकडे वळल्या. "यांचं दार बंद राहू दे. झुरळं यांच्याकडे येतील तर येऊ देत. आजवर आमच्याकडे यायचीच."

आणि आली ती. संध्याकाळपर्यंत पाचही मजल्यांचा लवाजमा सेक्रेटरींच्या घरी उतरला. लाल, तपकिरी, पट्ट्यांची, काही अंड्यांच्या डब्या मागे बाळगत, काही नुसत्याच मिशा हलवत. दातांच्या डॉक्टरांकडची ओळखू यायची म्हणे, त्यांना लवंगेच्या तेलाचा वास होता. सेक्रेटरीणबाईंनी सगळे डबे घट्ट लावले, पाळण्यात सुके कपडे ठेवले आणि म्हणाल्या, "पाहुणे आहेत. जातील सावकाश."

दिवेलागणीला लेकीने मागच्या बाथरूमच्या दारातून हाक मारली. "बाबा, या. हळू."

आत अंधार. बादल्या पालथ्या घालून दोघं काचेसमोर बसली, मध्ये लाल उजेड. कालचं पांढरं पिल्लू आता मधाच्या रंगाचं झालं होतं. भुयारातून तो काळा, बिनपंखांचा बाप पुढे आला. पिल्लं त्याच्या तोंडाशी गोळा झाली, एकमेकांना ढुश्या देत.

"आता अजिबात हलू नका," लेक कुजबुजली. "हे मला पहिल्यांदाच इतकं नीट दिसतंय. हादरा बसला तर तो आत जाईल."

सेक्रेटरी हलले नाहीत. त्यांच्या मानेवर काहीतरी चढलं. सहा पायांचं. ते कॉलरवरून कानामागे आलं, तिथे थांबलं, दोन मिशांनी चाचपलं, आणि सावकाश टक्कल चढून अगदी माथ्यावर जाऊन बसलं.

लेकीने ते पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबत होती की रडू, त्या उजेडात कळलं नाही.

"बाबा, काढू का?"

"नको," सेक्रेटरी ओठ न हलवता म्हणाले. डोळे काचेवरच होते. "जेवू दे त्यांना सावकाश."